धुराळणीचा करार आणि पिंपांची तपासणी: दोन डासनियंत्रण सेवांचे परीक्षण

सोलापूरच्या हद्दवाढ भागातील आमच्या ४२ सदनिकांच्या सोसायटीने गेल्या वर्षभरात डासनियंत्रणासाठी एकापाठोपाठ एक अशा दोन सेवा पैसे देऊन घेतल्या. पहिली सेवा जून ते ऑक्टोबर या काळातील धुराळणीची होती. दुसरी नोव्हेंबरपासून आजतागायत चालू आहे आणि घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांची दर आठवड्याला होणारी तपासणी हे तिचे मुख्य काम आहे. सोसायटीचा चिटणीस या नात्याने दोन्ही करारांवर माझी सही आहे आणि दोन्हींची देयके मीच मंजूर केली, त्यामुळे हे परीक्षण काही अंशी माझ्याच निर्णयांचेही आहे. दोन्ही संस्थांची नावे येथे देत नाही. पहिल्या सेवेविषयी माझी जी तक्रार आहे ती त्या एका कंपनीपुरती नाही; या व्यवसायातील बहुतेक जण तेच विकतात आणि आम्हीही तेच मागायला गेलो होतो.

पहिल्या कराराला कंपनीने ‘पावसाळी पॅकेज’ असे नाव दिले होते. दर पंधरा दिवसांनी एक माणूस खांद्यावर यंत्र अडकवून संध्याकाळी सातच्या सुमारास येई, वाहनतळ, कुंपणाची भिंत, गटाराच्या जाळ्या आणि जिन्याखालची अडगळ येथे धूर सोडी आणि वीस-पंचवीस मिनिटांत माझी सही घेऊन जाई. एका फेरीचे १,२०० रुपये याप्रमाणे दहा फेऱ्यांचे १२,००० रुपये झाले. कंपनीने एकही फेरी चुकवली नाही, माणूस सौजन्याने वागे, यंत्र कधी बंद पडले नाही. डिझेलचा वास इमारतभर पसरला की आज फवारणी झाली, याची खात्री प्रत्येकाला आपापल्या नाकानेच पटत असे आणि सर्वसाधारण सभेत या खर्चाविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. काम झालेले सर्वांना दिसते, हाच या सेवेचा सर्वांत मोठा गुण आहे आणि तिची विक्रीही बहुधा त्याच गुणावर होते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ब विंगमधील चौघांना ताप आला आणि त्यांपैकी दोघांचा डेंग्यूचा अहवाल पॉझिटिव्ह निघाला. दोनच दिवसांनी आरोग्य विभागाचे कर्मचारी कंटेनर सर्वेसाठी, म्हणजे घरोघरच्या पाण्याच्या भांड्यांत डासांच्या अळ्या आहेत का हे पाहण्यासाठी, आले. त्यांतील एका ताईंनी माझ्या न्हाणीघरातील निळ्या पिंपाचे झाकण बाजूला सारले, टॉर्चचा उजेड पाण्यावर टाकला आणि मला वाकून पाहायला सांगितले. उजेड पडताच वळवळत तळाकडे जाणाऱ्या पंधरा-वीस अळ्या मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. त्या पिंपापासून धूर सोडण्याची जागा फार तर ३० फुटांवर असेल, आणि धुराळणीच्या वेळी न्हाणीघराची खिडकी आम्ही न चुकता बंद करीत होतो, कारण धूर घरात आलेला कोणालाच नको होता.

धुराळणीने काय साधते आणि काय साधत नाही, हे मला त्या दिवसानंतर वाचावे लागले. खरे तर करार करण्यापूर्वीच वाचायला हवे होते. धुरातील कीटकनाशकाचे कण त्या क्षणी हवेत उडणाऱ्या प्रौढ डासाला लागले तर तो मरतो. पाण्यातील अळी, कोष आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी यांना त्या धुराचे काहीही होत नाही. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरविणारा एडिस इजिप्ती हा डास प्रामुख्याने दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत, आणि उरलेला वेळ पलंगाखाली, पडद्याआड, टांगलेल्या कपड्यांच्या घड्यांत बसून काढतो. म्हणजे संध्याकाळी सात वाजता, बंद खिडक्यांच्या बाहेर सोडलेला धूर त्याच्यापर्यंत वेळेनेही पोहोचत नाही आणि जागेनेही पोहोचत नाही. तो धूर ज्याला थोडाफार लागतो तो क्यूलेक्स, म्हणजे गटारात आणि नाल्याच्या घाण पाण्यात वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा डास होय.

येथेच ग्राहक म्हणून आमची फसगत झाली आणि ती आम्हीच करून घेतली. डास वाढले की कमी झाले, याचा निवाडा आपण रात्रीच्या गुणगुणीवरून करतो. एडिस त्या मानाने मुकाट्याने येतो, घोट्याला चावतो आणि निघून जातो. त्याच्या पायांवरील पांढरे पट्टे पाहण्याइतका वेळही तो सहसा देत नाही. धुराळणीनंतर दोन रात्री गुणगुण कमी होई, सदस्य समाधानी होत, आणि ज्या डासासाठी एवढी धास्ती होती तो मात्र घरातच सुखाने नांदत असे. नाल्यातील क्यूलेक्सही दोन-तीन दिवसांत पूर्वपदावर येत, ही गोष्ट वेगळीच.

कराराच्या कालावधीतील चूक मात्र याहून गंभीर होती, असे माझे मत आहे. डास म्हणजे पाऊस हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे, की सेवा पुरवणाऱ्यालाही जून ते ऑक्टोबर याखेरीज दुसरा हंगाम सुचत नाही आणि घेणाऱ्यालाही तो मागावासा वाटत नाही. एडिस इजिप्तीचा इतिहास या समीकरणात बसत नाही. हा डास मूळचा आफ्रिकेतील जंगलांत, झाडांच्या ढोलीत साठलेल्या पावसाच्या पाण्यात अंडी घालणारा आणि मिळेल त्या प्राण्याचे रक्त पिणारा होता. जेथे कोरडा ऋतू लांब आणि कडक असतो तेथे ढोल्या महिनोन्‌महिने कोरड्या पडतात आणि त्या काळात पाणी फक्त माणसाच्या मडक्यात, रांजणात उरते. त्या रांजणाशेजारी राहायला आलेला डास पुढे रांजणाच्या मालकाचाच भोक्ता झाला आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या गुलामांच्या जहाजांवरील पाण्याच्या पिंपांतून अमेरिका खंडात पोहोचला.

याविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन आमच्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. संशोधकांनी सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत २७ ठिकाणांहून या डासाची अंडी गोळा केली, प्रयोगशाळेत डास वाढविले आणि त्यांना एका बाजूने माणसाचा व दुसऱ्या बाजूने गिनीपिगसारख्या प्राण्याचा गंध देऊन ते कोणाकडे वळतात हे पाहिले. बहुतेक ठिकाणच्या डासांना प्राणीही चालत होते. माणसाकडेच हट्टाने वळणारे डास प्रामुख्याने सेनेगलमधील थिएससारख्या, कडक कोरड्या ऋतूच्या प्रदेशातून आलेले होते, आणि दाट वस्तीच्या शहरांतील डासांतही माणसाची ओढ आजूबाजूच्या ग्रामीण भागापेक्षा अधिक आढळली. पुढील काही दशकांत तेथील डास माणसाकडे अधिकाधिक वळतील ते हवामान बदलापेक्षा झपाट्याने वाढणाऱ्या शहरांमुळे, असाही त्या संशोधकांचा अंदाज आहे.

आपल्याकडे शहरांत जो एडिस आहे तो याच माणसाळलेल्या कुळातला आहे, आणि त्याला कोरडा प्रदेश, दाट वस्ती व साठवलेले पाणी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी हव्या असतील तर सोलापूरने त्याची उत्तम सोय केलेली आहे. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते आणि उन्हाळ्यात तेही पाच दिवसांवर जाते. पाणी सुटले की माणसे पिंप, घागरी, बादल्या, हौद, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवतात. पंचवीस-तीस अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे पाण्याच्या दोन पाळ्यांत जे पिंप पूर्ण रिकामे होत नाही, ज्यात जुन्या पाण्यावर नवे पाणी पडत राहते, ते डासांचे कायमचे पाळणाघर होते. चिकुनगुन्याची २००६ ची देशव्यापी साथ सर्वांच्या आठवणीत आहे, परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९७३ मध्ये, या रोगाची नोंदली गेलेली मोठी साथ आमच्याच जिल्ह्यातील बार्शीत आली होती, आणि बार्शीला कोणी अतिवृष्टीचे गाव म्हणणार नाही.

पावसाचा वाटा मी नाकारत नाही. तो आपण समजतो तसा सरळ नाही, एवढेच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुण्यातील डेंग्यूच्या मृत्यूंचा हवामानाशी असलेला संबंध तपासून २०२५ च्या जानेवारीत जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार २७ ते ३५ अंशांचे सरासरी तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि पावसाळाभर विखरून पडणारा मध्यम पाऊस ही परिस्थिती रोगाला पोषक ठरते, तर आठवड्याला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त झोडपणारा पाऊस अंडी आणि अळ्या वाहून नेऊन तिला काहीसा आळा घालतो. आमच्याकडे झोडपणारा पाऊस क्वचितच येतो; येते ती भुरभुर, मधले आठ दिवस ऊन आणि पुन्हा भुरभुर. डेंग्यूच्या प्रसाराला सर्वाधिक अनुकूल तापमान २९ अंशांच्या आसपास मानले जाते. मे महिन्यात रस्त्यावर ४३ अंश असले तरी न्हाणीघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, भरलेल्या पिंपाशेजारी ते त्याहून बरेच कमी असते. डास हवामान खात्याच्या वेधशाळेत राहत नाही, तो न्हाणीघरात राहतो, हे करार करताना आमच्या लक्षात आले नाही.

आता दुसऱ्या सेवेकडे वळतो. दोन भागीदार आणि चार कर्मचारी असलेली ही लहानशी संस्था धूर सोडतच नाही. दर सोमवारी दोन कर्मचारी येतात, त्यांत एक महिला असते, आणि प्रत्येक घरात जाऊन पाण्याचे प्रत्येक भांडे उघडून पाहतात. महिला कर्मचारी असल्याने स्वयंपाकघर आणि न्हाणीघरापर्यंत त्यांना विनासायास जाता येते; कागदावर ही बाब किरकोळ वाटेल, प्रत्यक्षात निम्मे यश तिच्यात आहे. पहिल्या फेरीत ४२ पैकी ३६ घरे उघडी मिळाली आणि त्यांतील ११ घरांत अळ्या सापडल्या. पिंपे सापडणार हे अपेक्षित होते. त्यांखेरीज फ्रीजच्या मागचा पाण्याचा ट्रे, तुळशीवृंदावनाखालची ताटली, पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे भांडे, पूजेच्या कलशासाठी आणून विसरलेली करवंटी आणि एका घरात देव्हाऱ्यापुढच्या फुलदाणीतही अळ्या होत्या. ती फुलदाणी ज्यांची होती त्या आजींना हा अपमान अजून पचलेला नाही.

अळ्या सापडल्यावर काय करायचे याची त्यांची पद्धत मला पटली. पाणी नुसते ओतून देऊन ते थांबत नाहीत. पिंप रिकामे करून आतली कड काथ्याने घासून काढायला लावतात, कारण एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओलसर भिंतीला चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरले की ती फुटतात. माझ्या पिंपाच्या बाबतीत नेमके हेच घडत असावे. आठवड्यातून एकदा ते रिकामे करण्याचा ‘कोरडा दिवस’ मी इमानाने पाळत होतो, घासत मात्र कधीच नव्हतो. जे भांडे रिकामे करता येत नाही, उदाहरणार्थ बागेसाठीचा मोठा हौद, त्यात त्यांनी गप्पी मासे सोडले. जिन्याखालच्या जुन्या टाकीत ते बीटीआय नावाच्या जिवाणूची पूड टाकतात. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात १९७० च्या दशकात सापडलेला हा जिवाणू डासाच्या अळीच्या आतड्यात गेला की तिला मारतो आणि माणसाला अपाय करीत नाही. सरकारी मोहिमेत वापरले जाणारे अबेट हे अळीनाशक त्यांच्याकडे आहे, परंतु घरातील पाण्याला त्याचा वास येतो अशी तक्रार होत असल्याने अबेटिंग त्यांनी सांडपाण्याच्या साठ्यांपुरते ठेवले आहे.

गच्चीवरील टाक्यांकडे त्यांनी जितके लक्ष दिले तितके आम्ही वीस वर्षांत दिले नव्हते. सहा टाक्यांपैकी दोन टाक्यांची झाकणे तडकलेली होती आणि एकाही ओव्हरफ्लो पाइपला जाळी नव्हती. स्वच्छ पाण्याच्या या टाक्या भारतीय शहरांतील मलेरियाचा वाहक ॲनॉफिलीस स्टिफेन्सी या डासाची आवडती जागा आहेत. शहरात विहिरी आणि टाक्या वाढल्या तसा हा डास शहरी झाला. मुंबईतील मलेरियाची चौकशी करून चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये जो अहवाल दिला, त्यात बोट याच डासाकडे आणि घरोघरच्या विहिरींकडे दाखविले होते आणि त्यानंतर विहिरी झाकण्यावरून शहरात मोठे वाद झाले. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूतीत पोहोचला आणि तेथून इथिओपियासह इतर देशांच्या शहरांत पसरत आहे. आजवर प्रामुख्याने खेड्यांचा रोग असलेला आफ्रिकेतील मलेरिया आता शहरांतही शिरेल, ही भीती त्यामुळे निर्माण झाली आहे. जाळ्या आणि दोन नवी झाकणे यांचा आमचा खर्च ३,००० रुपयांच्या आतच आटोपला.

या सेवेचे दोष सांगितले नाहीत तर परीक्षण अपुरे राहील. त्यांची वेळ सकाळी अकरा ते एक अशी होती आणि नवराबायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या सात-आठ घरांना त्या वेळी कुलूप असे. पाचव्या आठवड्यापर्यंत त्यांपैकी तीन घरे एकदाही तपासली गेलेली नव्हती आणि संस्थेने हे आपणहून कळविले नाही. अहवालातील ‘तपासलेली घरे’ हा रकाना मी जुळवून पाहिला तेव्हा ते लक्षात आले. अहवाल इंग्रजीत येत असे, तो सूचनाफलकावर लावून कोणी वाचणार नाही हे सांगूनही मराठीत यायला दोन महिने लागले. लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी त्यांनी पहिल्या चार फेऱ्यांत पाहिलेच नव्हते. सर्वांत मोठी मर्यादा मात्र त्यांची नव्हे, कुंपणाची आहे. एडिस साधारणपणे शे-दोनशे मीटरच्या टापूतच वावरतो, पण आमच्या कुंपणाला लागून इमारतीचे बांधकाम चालू आहे आणि तेथे स्लॅबवर बांध घालून पाणी साठवून ठेवलेले असते. तेथे जाण्याचा अधिकार या संस्थेला नाही आणि आमचे पत्र घेऊन बांधकामावरचा मुकादम ते घडी घालून खिशात ठेवतो.

शिवाय ज्यांना रात्रीची झोप हवी आहे त्यांची ही सेवा घेऊन निराशा होईल. नाल्यातील क्यूलेक्स कमी झालेला नाही. पहिल्या दोन महिन्यांत सभासदांच्या तक्रारी उलट वाढल्या, कारण धूरही दिसत नव्हता आणि गुणगुणही थांबत नव्हती. त्यावर खिडक्यांना जाळ्या बसविणे आणि मच्छरदाणी वापरणे हाच उपाय आहे, असे संस्थेने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते आणि त्याचे श्रेय तिला द्यायला हवे. अधिक पैसे घेऊन धूर सोडायला ती सहज तयार होऊ शकली असती.

परिणामाविषयी बोलायचे तर डिसेंबरच्या अखेरीस अळ्या सापडणाऱ्या घरांची संख्या ११ वरून दोनवर आली. मार्चमध्ये ती पुन्हा पाचवर गेली. त्या महिन्यात पावसाचा एक थेंब पडला नव्हता. पाणी चारऐवजी पाच दिवसांआड येऊ लागले होते आणि घराघरांत एकेक जादा पिंप आले होते. एका इमारतीच्या आकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळते. तरीही सूचनाफलकावरचे दोन कागद शेजारी शेजारी, एक पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा आणि दुसरा तपासणीच्या अहवालाचा, पाहिले की त्यांतील नाते नजरेतून सुटत नाही. नोव्हेंबरनंतर इमारतीत डेंग्यूचा रुग्ण आढळलेला नाही. हिवाळा आणि उन्हाळा हे तसेही कमी रुग्णांचे महिने असल्याने याचे श्रेय एवढ्यात कोणाला देण्याची माझी तयारी नाही.

खर्च महिन्याला ४,००० रुपये, म्हणजे सदनिकेमागे शंभर रुपयांच्या आत येतो. वर्षाचा हिशेब केला तर तो धुराळणीच्या चौपट आहे आणि हे सभेत पटवून देणे सोपे गेले नाही. ज्या सोसायटीला चोवीस तास नळाचे पाणी आहे आणि घरात साठवण नाही, तिने एवढा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही; महिन्यातून एकदा गच्ची, कुंड्या आणि वाहनतळ पाहिले तरी तिचे काम भागेल. चार-पाच दिवसांआड पाणी मिळणाऱ्या आमच्यासारख्या वस्तीला मात्र मी हीच सेवा घ्यायला सांगेन. घेण्यापूर्वी फक्त तीन गोष्टी विचाराव्यात: तपासणी सात दिवसांनी होणार की पंधरा, बंद घरांचे काय करणार आणि सोबत महिला कर्मचारी असणार का. पंधरा दिवसांची तपासणी स्वस्त पडते, पण मधल्या काळात डासांची एक पिढी उडून जाते. धुराळणी आम्ही करारातून पूर्ण वगळलेली नाही. डेंग्यूचा रुग्ण सापडल्यास, आणि तीही घराच्या आत, पहाटे किंवा दुपारनंतर, अशी अट घालून ती राखून ठेवली आहे.

पुढील वर्षाच्या करारात आम्ही दोन बदल केले आहेत. नोकरदार घरांसाठी महिन्यातून दोन फेऱ्या रविवारी होतील आणि उन्हाळी तपासणीची पहिली फेरी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच होईल. त्या फेरीत पिंपांबरोबर प्रत्येक घरातील कूलर माळ्यावरून खाली उतरवताच तो पाणी भरण्यापूर्वी त्यांना दाखवायचा आहे. गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी टाकीच्या कडेला चिकटलेली काळी अंडी वर्षभर माळ्यावर कोरडी पडून असतील, तर ती पहिल्या बादलीची वाट पाहत असतील.